पंचायतीच्या कचरा वर्गीकरण शेडसाठी नकाशावर जागा शोधताना

क्यूजीआयएस ही नकाशांवर काम करण्याची मोफत संगणक प्रणाली या कामाला पुरेशी आहे. प्रथम रस्ते, घरे, विहिरी, नद्या, खाजन जमिनी (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनी) आणि जमिनीच्या उंचीचा एसआरटीएम नकाशा (अवकाशातून रडारने मोजलेला, ३० मीटरच्या चौकटींचा) एकत्र आणून हे सर्व थर, म्हणजे प्रत्येक माहितीचा वेगळा नकाशा, गोव्याला लागू होणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात बदलावेत, कारण अक्षांश-रेखांशाच्या अंशांत ठेवलेल्या थरांवरून काढलेले अंतर आणि उतार निरर्थक ठरतात.

त्यानंतर वर्ज्य क्षेत्रांना, म्हणजे जिथे शेड नकोच अशा जागांना, ० व उरलेल्यांना १ द्यावा; हा झाला वर्ज्य थर. रस्त्याची जवळीक, मंद उतार यांसारख्या निकषांना गुण व भार (निकषाचे महत्त्व) ठरवून, प्रत्येक गुणाला त्याच्या भाराने गुणून बेरीज करावी आणि तिला वर्ज्य थराने गुणावे. भार किती द्यायचा हे संगणक सांगत नाही. तो निर्णय ग्रामसभेत व्हावा, हे उत्तम.

गोव्यात एक सावधगिरी आवश्यक आहे. सपाट, ओसाड सडा (जांभ्या दगडाचे पठार) या गणितात हमखास अव्वल येतो. परंतु जांभ्या दगडातून झिरपणारे पावसाचे पाणीच पायथ्याच्या झरींना आणि विहिरींना मिळते, म्हणून झरींच्या वरच्या बाजूचा सडा वर्ज्य थरातच घालावा. निवडलेल्या जागा पावसाळ्यात प्रत्यक्ष पाहाव्यात.