गाठ दिसली की घाई नको: सिस्टच्या बाबतीत या चुका टाळा

"पिशवीला गाठ आहे, काढून टाकू." सोनोग्राफीचा कागद हातात आणि कानावर एवढंच वाक्य. कॅन्सर होईल या धास्तीने बाई घरी येते, दागिने गहाण पडतात आणि आठवड्याभरात पिशवी काढून होते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या बाबतीत हे किती घडलं ते बीड जिल्ह्याने पाहिलं आहे. २०१९ मध्ये तो विषय विधिमंडळात गेला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तरी आजही रिपोर्टमधला 'सिस्ट' हा एक शब्द पुरतो.

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. सिस्ट म्हणजे पातळ आवरणाची पिशवी, आत पाणी किंवा घट्ट द्रव. आपल्याकडे गर्भाशयालाही पिशवीच म्हणतात. कागदावर लिहिलेलं असतं 'उजव्या ओव्हरीत साधी सिस्ट, ३.२ सेंटीमीटर', म्हणजे गाठ अंडाशयात. ती घालवायला गर्भाशय काढणं म्हणजे दुखतो गुडघा आणि इलाज कोपराला. अंडाशय आत राहिलं तर पुढच्या सोनोग्राफीत तिथे पुन्हा सिस्ट दिसू शकते, आणि दोन्ही अंडाशयं काढली तर चाळिशीच्या आतच अंगातून वाफा येणं, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं सुरू होतं.

पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला एक पाण्याचा फुगा तयार होतो. बीज बाहेर पडायच्या आधी तो सव्वादोन सेंटीमीटरपर्यंत जातो. एखाद्या महिन्यात फुटला नाही तर तीन-चार सेंटीमीटरचा होतो आणि बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतो. म्हणून सोनोग्राफी महिन्याच्या मधल्या दिवसांत करून घाबरू नका. पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात, सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करा. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी वाचा: माप किती, आत पाणीच आहे की घट्ट भागही आहे, आत पडदे आहेत का. साधी, पाण्याची, पाच सेंटीमीटरच्या आतली असेल तर सहसा काहीच करावं लागत नाही. पाच ते सातच्या मधली असेल तर वर्षाने सोनोग्राफी. सातच्या वर, घट्ट भाग असलेली, किंवा पाळी गेल्यानंतर दिसलेली गाठ असेल तर मात्र स्त्रीरोग तज्ज्ञांकडे नीट तपास करायलाच हवा. 'गाठ विरघळायच्या' म्हणून महिनोन्‌महिने घेतलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनी साधी सिस्ट लवकर जात नाही. ती जाते तिच्या वेळेने.

नॅबोथियन सिस्ट हा शब्द दिसला तर कागद घडी करून ठेवून द्या. गर्भाशयाच्या तोंडावरच्या ग्रंथीत चिकट पाणी अडकून झालेले ते बारके फुगे असतात, त्यांना औषध लागत नाही आणि ऑपरेशन तर नाहीच. चॉकलेट सिस्ट (आत जुनं काळपट रक्त, पाळीत असह्य दुखणं) आणि डरमॉइड (आत केस, चरबी, कधी दातसुद्धा) यांना उपचार लागू शकतात, पण तिथेही तरुण वयात गाठ सोडवून अंडाशय वाचवता येतं. हे विचारा. ऑपरेशन सुचवलं की दुसरं मत छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात, नांदेडला, लातूरला किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात घ्या. जाण्या-येण्याचा एक दिवस जाईल. अपवाद एकच. ओटीपोटात एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा दुसरं मत नको, तासाभरात दवाखाना.

दुसरी चूक पाठीवरच्या, मानेवरच्या, कानामागच्या गाठीची. कातडीखाली गोल गाठ, मध्यभागी काळा ठिपका, दाबली की वास मारणारा पांढरा लगदा. लोक त्याला चरबी समजतात, पण तो कातडीचाच साठलेला चुरा असतो. दाबून लगदा काढला की गाठ बसते, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरते, कारण तो तयार करणारं आवरण आतच राहतं. जोरात दाबलं तर आवरण आतल्या आत फुटतं, लगदा मांसात पसरतो आणि गाठ लाल होऊन ठणकायला लागते. मग वर कोणी बिब्बा लावतं. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतो, साखर असलेल्या माणसाची जखम महिनाभर वाहते आणि गाठ जागेवरच असते.

शांत असतानाच काढून घ्या. जागा बधिर करून काळ्या ठिपक्यासकट लांबट काप घेतात आणि आवरण अख्खं सोडवतात. अर्ध्या तासाचं काम. लाल झाली असेल तर त्या दिवशी अख्खी काढायचा हट्ट धरू नका, आवरण तेव्हा लोण्यासारखं तुटतं आणि तुकडे मागे राहतात. पू झाला असेल तर तेवढा काढून घ्या आणि सहा आठवड्यांनी गाठ काढा. पाठीचे टाके दहा-बारा दिवस राहू द्या, पाचव्या दिवशी पोतं उचललं तर उसवणारच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

मनगटावरची गँगलियनची गाठ बत्त्याने किंवा जाड पुस्तकाने फोडू नका. निम्म्या गाठी आपोआप जातात. आत दाट जेली असते, म्हणून सुई जाड लागते, आणि तरीही ती पुष्कळदा परत येते. तळव्याच्या बाजूला असेल तर शेजारीच नाडीची रक्तवाहिनी आहे, तिथे कोणालाही सुई घालू देऊ नका. उतारवयात किडनीत दिसलेली साधी पाण्याची सिस्ट बहुधा निरुपद्रवी असते. गुडघ्यामागची फुगी ठीक, पण पोटरी एकाएकी सुजली तर शिरेत रक्त गोठलंय का ते आधी तपासा.

यकृतातल्या सिस्टमध्ये मात्र तपासाआधी सुई जाता कामा नये. शेळ्या-मेंढ्या आणि कुत्री जिथे एकत्र राहतात तिथे ही गाठ हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्याच्या पोटातल्या जंतापासून होणारी, असू शकते. आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतणारी रिअॅक्शन येते आणि पोटभर नव्या गाठी रुजतात. आधी सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि तज्ज्ञांनी ठरवलेलं अल्बेंडाझोल हे जंताचं औषध. सुई किंवा ऑपरेशन त्यानंतर, तयारीच्या रुग्णालयात. याचं मूळ कंदुरीच्या, म्हणजे बोकड कापून जेवण घालण्याच्या, दिवशी दिसतं. बोकडाच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याचे फोड निघतात आणि तो तुकडा कुत्र्याला टाकला जातो. कुत्र्याच्या पोटात जंत वाढतात, विष्ठेतून अंडी पालेभाजीवर, पाण्यात, पोरांच्या हातावर येतात. फोड असलेला अवयव जाळा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरा. घरच्या कुत्र्याला पशुवैद्यकाकडून जंताचं औषध द्या.

आणि काढलेली गाठ कुठलीही असो, ती पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. नातेवाइकांच्या हातात ती बऱ्याचदा कॅरीबॅगमध्ये किंवा सलाईनच्या बाटलीत मिळते आणि जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत सडते. रुंद तोंडाची बरणी, १० टक्के फॉर्मॅलिन (गाठ सडू न देणारं द्रावण), गाठीच्या दहापट तरी, आणि वर नाव, तारीख, कुठल्या बाजूची ते लिहिलेली चिठ्ठी.