शॉर्टवेव्ह रेडिओ परत करायला निघालात? आधी या चुका तपासा

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी हौसेने शॉर्टवेव्हचा रेडिओ मागवला आणि चौथ्या दिवशी माझ्या दारात आणून ठेवला. "घे बाबा, तुझ्या कामाचा असला तर. नुसती खरखर आहे." विचारलं, कधी ऐकलात? दुपारी दोनला. कुठे? हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, चार्जिंगला लावून. कुठल्या बँडवर? ४९ मीटर. म्हणजे एकाच बैठकीत चार चुका, आणि त्यातली रेडिओची एकही नाही. संध्याकाळी सातला तोच सेट गच्चीवर नेला, एरियल ओढली, ३१ मीटरवर आलो, तर पाच मिनिटांत चिनी, अरबी आणि इंग्रजी स्टेशनं लागली. काका रेडिओ घेऊन खाली गेले.

खरखर बहुतेक वेळा घरातलीच असते

हल्लीच्या फ्लॅटमध्ये शॉर्टवेव्हचा खरा शत्रू म्हणजे एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर आणि इन्व्हर्टर. शोधायची पद्धत सोपी आहे. रेडिओ बॅटरीवर लावा, स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा आणि मेन स्विच पाडा. खरखर एकदम खाली बसली तर चोर घरातच आहे. मग मेन चालू करून एकेक सर्किटचा स्विच पाडत जायचं. माझ्याकडे पहिला सापडला तो स्वयंपाकघरातला बल्ब. दुसरा सापडायला आठवडा लागला: बेडरूमच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंखा दोनवर असला की घर्रर्र, पाचवर नेला की जवळपास गप्प. आता मी ऐकायला बसलो की घरात पंखा एकतर पाचवर असतो नाहीतर बंद. त्यावर घरच्यांचं काय म्हणणं आहे ते इथे लिहीत नाही.

मेन पाडूनही आवाज तसाच राहिला तर तो शेजाऱ्यांचा किंवा जिन्यातल्या दिव्यांचा. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, जागा बदला. आरसीसी इमारतीत भिंतीभिंतीत लोखंडी सळ्या असतात, त्यामुळे खोलीच्या मधोमध सिग्नल पोचतच नाही. खिडकीजवळ दोन पावलं सरकल्यावर पडणारा फरक कुठल्याही महागड्या सेटने पडत नाही.

आणि चार्जिंगला लावून ऐकू नका. टेकसनच्या पीएल-३३० सारख्या सेटमध्ये जुन्या नोकिया फोनची बीएल-५सी बॅटरी चालते. एक जादा घेऊन ठेवा, प्रश्न मिटला.

वेळ आणि बँड

दिवसा वरचे बँड, रात्री खालचे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे (मीटरचा आकडा लहान, तितका बँड वरचा). भर दुपारी १३, १६, १९ मीटर फिरवा. ऊन उतरलं की २५ आणि ३१. रात्री नऊनंतर ४१ आणि ४९.

स्टेशनांच्या वेळापत्रकातली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. १३०० लिहिलं असेल तर आपले संध्याकाळचे साडेसहा. हे अर्धा तासाचं प्रकरण विसरून कार्यक्रमाच्या शेवटच्या धूनपाशी पोचलेले बरेच आहेत, मीही त्यातलाच. शिवाय वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. गेल्या हिवाळ्याची यादी घेऊन मे महिन्यात स्टेशन शोधू नका.

काहींची अपेक्षाच जुनी असते. रेडिओ सिलोन आणि बिनाका गीतमालाच्या आठवणीवर सेट घेतात. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारणही ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. आज चीन, रोमानिया, तैवान, कोरिया ऐकायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

रेडिओ धड आहे का, याची माझी परीक्षा एकच: १०,००० किलोहर्ट्झ. तिथे चीनचं बीपीएम हे वेळ दाखवणारं स्टेशन चोवीस तास घड्याळासारखं टकटक करत असतं. रात्री गच्चीवर ती टकटक लागली तर सेटला दोष देऊ नका.

लांब तार म्हणजे चांगली एरियल, असं नाही

पंचवीस मीटर तार गच्चीवर ताणून तिचं टोक छोट्या सेटला लावलं की सिग्नल वाढतो खरा, पण सगळ्यांचाच. मग एकच जोरदार स्टेशन चार-पाच ठिकाणी ऐकू येतं आणि मधली बारीक स्टेशनं त्याखाली दबतात. पुण्यात हडपसरच्या आकाशवाणीच्या आसपास राहणाऱ्यांना तर ७९२ किलोहर्ट्झचं मीडियमवेव्ह शॉर्टवेव्हमध्येही डोकावताना दिसेल. अशा वेळी सेटवरचं बटण 'डीएक्स'वरून (म्हणजे लांबच्या स्टेशनांवरून) 'लोकल'वर न्या, नाहीतर तार तोकडी करा.

हातातल्या सेटला पाच ते सात मीटर साधी इलेक्ट्रिकची तार पुरते. एका टोकाचं प्लास्टिक इंचभर सोलून क्रोकोडाइल क्लिप बसवा, ती सेटच्या एरियलला चिमटा आणि तार खिडकीतून बाहेर सोडा. सगळी तार सोलत बसू नका, प्लास्टिकमधूनही रेडिओलहरी पोचतात. इंटरनेटच्या किंवा लाइटच्या वायरला समांतर मात्र नेऊ नका, त्यांची सगळी कुरकुर तारेत उतरते. बाल्कनीतली कपडे वाळत घालायची स्टीलची तारही चालते. मी वर्षभर तीच वापरली, फक्त ओले टॉवेल आले की स्टेशन हलायचं.

गोल लूप एरियल घेणार असाल तर तिचा फायदा फिरवण्यात आहे. खरखर येते त्या दिशेपासून फिरवत नेली की एका कोनात खरखर खाली बसते. लूपचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर मोबाइलच्या चार्जरवर चालवणं म्हणजे चोरालाच पहाऱ्यावर बसवणं. पॉवर बँक वापरा, आणि तीही कुरकुरली तर दुसरी लावून पाहा.

सेट गोल फिरवून शॉर्टवेव्ह सुधारत नाही, ती युक्ती मीडियमवेव्हची. तिथे आतली फेराइट कांडी काम करते, इथे बाहेरची दांडी.

घेतानाच्या चुका

'दहा बँड, ब्लूटूथ, टॉर्च, सोलर' असं खोक्यावर लिहिलेला सेट पाहिला की मी पुढे जातो. अशा स्वस्त काटेवाल्या सेटमध्ये ९६९० किलोहर्ट्झला लागणारं जोरदार स्टेशन ८७८० लाही लागतं. बरोबर ९१० किलोहर्ट्झ खाली, म्हणजे सेट आत वापरतो त्या ४५५ किलोहर्ट्झच्या ठरलेल्या फ्रीक्वेन्सीच्या दुप्पट अंतरावर. ते भूत आहे, नवं स्टेशन नव्हे. ताकदीची स्टेशनंच ऐकायची असतील तर काटेवाला सेटही मजा देतो, पण फ्रीक्वेन्सी नेमकी लिहून ठेवायची असेल तर आकड्यांचा डिस्प्ले हवाच.

थोडे पैसे जास्त लागले तरी एसएसबी, म्हणजे सिंगल साइडबँड ही वेगळ्या प्रकारचं प्रसारण उलगडणारी सोय, असलेला घ्या. ती सोय नसली तर सकाळी ७,००० ते ७,२०० किलोहर्ट्झमध्ये हॅम लोकांच्या, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांच्या गप्पा बदकांच्या भांडणासारख्या ऐकू येतात. तिथे लोअर साइडबँड लावा आणि ट्यूनिंग अगदी हळू, दहा-दहा हर्ट्झने सरकवा, की बदकाची माणसं होतात. ६६७६ किलोहर्ट्झवर अपर साइडबँड लावून तासाच्या २५व्या आणि ५५व्या मिनिटाला थांबलात तर मुंबईचं वोल्मेट, म्हणजे वैमानिकांसाठीचं हवामान वाचन, लागायची चांगली शक्यता आहे.

एक शेवटचं. एप्रिल-मेमध्ये आभाळ भरून आलं, वळवाचा वारा सुटला की क्लिप काढा, मग गॅलरीतले कपडे. वीज लांब पडली तरी बाहेरच्या तारेत साचलेल्या विजेने सेटचा पहिला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. असा सेट चालू होतो, डिस्प्लेही दिसतो, फक्त सगळ्या बँडवर स्टेशनं लांब गेल्यासारखी वाटतात. दुरुस्तीवाल्याला नेमकं हेच सांगा, नाहीतर तो बॅटरी बदलून देईल.