मार्करचा रिपोर्ट आला की आधी वही काढा

आईला अंडाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हापासून सीए १२५ (रक्तातलं एक प्रोटीन, कॅन्सरचा माग ठेवायला मोजतात, अशांनाच ट्यूमर मार्कर म्हणतात) हा आकडा आमच्या घरात बीपी-शुगरसारखा झालाय, गडहिंग्लजची मावशी तर फोनवर आधी "आकडा किती आला रं?" विचारती आणि मग जेवली का ते. तर दोन वर्षांत जे कळलं ते लिहितोय, पेशंट घरात असंल तर उपयोगी पडंल.

पहिलं म्हणजे ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधीचा आकडा पाहिजेच, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? काहींचा मार्कर मुळातच वाढलेला नसतो, मग कमी दिसला म्हणून खूश व्हायचं काय कारण नाही.

दुसरं, लॅब बदलू नका. लई महत्त्वाचं हाय हे. आम्ही दरवेळी राजारामपुरीत द्यायचो, एकदा पाऊस होता म्हणून घराजवळ दिलं आणि आकडा एकदम वर, रात्रभर कोण झोपलं नाही. डॉक्टर म्हणाले मशीन आणि किट वेगळं असलं की आकडा वेगळा येतो, जुन्या लॅबमध्ये परत करा. केला, तर आधीइतकाच!

वहीत तारीख, आकडा, कितवी केमो आणि त्या आठवड्यात काय झालं हे सगळं लिहा. पोटाचं ऑपरेशन, पाळी, पोटातला टीबी यानं पण सीए १२५ वाढतो, कावीळ असली की सीए १९-९ (स्वादुपिंडाच्या कॅन्सरला बघतात तो मार्कर) वाढतो आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा सीईए (मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला बघतात तो) तसाही जरा जास्तच असतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा, काही मशीनवर रिपोर्टच चुकतो त्यानं.

सीए १२५ चं नॉर्मल ३५ च्या आत धरतात, पण एका आकड्यावर काय ठरत नाही. निम्म्यावर आला आणि निदान २८ दिवस तसाच राहिला तर औषध लागू पडतंय असं धरतात. सीईए आणि सीए १५-३ (स्तनाच्या कॅन्सरचा मार्कर) तर केमोच्या पहिल्या काही आठवड्यांत उलटा वाढू पण शकतो, पेशी मरताना प्रोटीन रक्तात सुटतं म्हणून, तिथं घाबरून डोस चुकवू नका.

आणि नुसता आकडा वाढला म्हणून "लगेच केमो द्या" असा डॉक्टरांच्या मागं लागू नका. २०१० साली लॅन्सेट ह्या डॉक्टरी जर्नलमध्ये अंडाशयाच्या कॅन्सरचा अभ्यास आला होता, आकडा वाढल्याबरोबर केमो दिलेल्या बायका त्रास सुरू झाल्यावर दिलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. त्यापेक्षा ओपीडीत वही पुढं करा आणि विचारा, ह्या आकड्यावरनं तुम्ही काय बदलणार आहात, स्कॅन कधी करायचा. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला की मावशीला लगेच फॉरवर्ड करू नका, एवढं ऐका माझं.