हिवाळ्यात तळ्याकाठी पक्षी पाहायचे तर: रंग नंतर, वागणं आधी

तळं लहान आहे म्हणून हळहळू नका. मोठ्या जलाशयावर बदकं हजारोंनी उतरतात, पण बरीचशी दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढीच दिसतात. लहान तळ्यावर तुमच्यात आणि त्यांच्यात फार अंतर नसतं, आणि रोज बहुधा तोच थवा समोर असतो. ओळख पक्की व्हायला याहून चांगली जागा नाही. मी तळ्याला लागूनच राहते. हिवाळाभर सकाळी काठाने फेरी मारते आणि शेजारपाजारच्यांनाही सोबत नेते. नव्याने आलेल्याला मी आधी एकच सांगते: रंग नंतर बघू, तो पक्षी काय करतोय ते सांग.

कारण हिवाळ्यात रंग फसवतात. तिरप्या उन्हात हिरवं डोकं काळं दिसतं, धुक्यात सगळंच राखाडी. शिवाय ऑक्टोबरात नुकतीच आलेली नर बदकं बरीचशी माद्यांसारखी तपकिरी असतात. विणीनंतर त्यांची झगझगीत पिसं गळून गेलेली असतात. नवा पिसारा बहुतेकांच्या अंगावर डिसेंबरपर्यंत चढतो, भुवई बदकाच्या नराला तर त्याहून उशीर लागतो. पुस्तकातल्या चित्रासारखा नर शोधत बसलात तर पहिले दोन महिने हाती काही लागणार नाही.

उभं कुठे राहायचं हे आधी ठरवा. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी पूर्वेचा काठ आणि संध्याकाळी पश्चिमेचा. वाऱ्याकडेही लक्ष द्या. बदकं वाऱ्याला तोंड देऊन बसतात आणि उतरतातही तशीच. वारा तुमच्या पाठीवर येत असेल तर थवा तुमच्याकडे तोंड करून असतो. जोराचा वारा सुटला की ज्या काठाला लाटा सगळ्यात कमी, तिथे शोधा.

दुर्बीण ८ × ४२ ची पुरते. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घेतली तर चित्र मोठं दिसतं, पण हाताचा कंपही तितकाच वाढतो. पक्ष्यावर नजर खिळवून ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. मान खाली घालून दुर्बीण शोधलीत की पक्षी हरवला.

आता बदकं. पहिला प्रश्न: हे बुडी मारतंय की नुसतं डोकं पाण्यात घालून शेपूट वर करतंय? एवढ्यावर निम्मं काम होतं. तलवार बदक, चक्रांग, गडवाल, थापट्या ही पृष्ठभागावर चरणारी मंडळी. पाण्यावर ती उंच तरंगतात, शेपूट पाण्यापासून सुटलेली असते आणि दचकली तर जागच्या जागी सरळ वर उडतात. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारणारी. ती पाण्यात खोल बसतात, शेपूट पाण्याला टेकलेली असते, आणि उडायच्या आधी पाण्यावर धावत जावं लागतं. या दोन गटांत तलवार बदकाची मान सगळ्यांत लांब, म्हणून ते न बुडताही जरा खोलवरचं खाऊ शकतं. चक्रांग सगळ्यांत लहान, ते काठाच्या चिखलाजवळ शोधा.

थापट्याला मात्र वेळ द्या. चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाकडे रुंद होत गेलेली. नर असो की मादी, तेवढ्यावर ओळख होते. जवळ आला तर चोचीच्या कडा बघा. आतल्या बाजूला कंगव्याच्या दातांसारख्या बारीक पात्या असतात, शंभराच्या वर. पाणी आत घ्यायचं, कडेने बाहेर सोडायचं, आत अडकलेले सूक्ष्म जीव आणि बिया गिळायच्या. शांत सकाळी कधीकधी ही बदकं गोल फिरू लागतात. प्रत्येकाची चोच पाण्यात आणि प्रत्येक जण पुढच्याच्या मागे, कारण पुढच्याच्या पायांनी घुसळून वर आलेलं मागच्याला मिळतं. असं चक्र दिसलं की दूर असूनही थापट्या म्हणून नोंद करायला मी कचरत नाही, आणि पुढची दहा मिनिटं दुसरीकडे बघतही नाही.

काळाभोर, पांढऱ्या चोचीचा आणि कपाळावर पांढरी ढाल असलेला वारकरी, म्हणजेच चांदवा, बदक नव्हे, तो पाणकोंबडीच्या कुळातला. पोहताना मान पुढेमागे हलवतो, उडताना पाण्यावर फटफटत धावतो. त्याच्या आसपास गडवाल दिसलं तर थांबा. वारकरी बुडी मारून तळाची पाणवनस्पती वर आणतो आणि गडवाल ती त्याच्या चोचीसमोरून ओढून घेतं. वारकऱ्यांच्या घोळक्यात नीट बघितलं की एरवी हमखास नजरेतून सुटणारं गडवाल सुटत नाही.

अगदी लहानसा, गोलमटोल, न चाहूल देता बुडणारा आणि भलतीकडेच वर येणारा तो टिबुकली. तो जिथे बुडाला तिथे नजर लावून बसू नका, आजूबाजूला सगळीकडे फिरवा.

काठावर दोन शेपूटहलवे भेटतील. धोबी फक्त शेपूट वरखाली करतो आणि तुरुतुरु चालतो. तुतारीचा मागचा अख्खा भागच वरखाली होतो आणि उडाली की पंख ताठ ठेवून, पाण्याला लागून, थरथरत जाते. बाकी चिखलपक्ष्यांचा नाद पहिल्या वर्षी सोडलात तरी चालेल.

सगळी बदकं एकदम उठली आणि वारकरी एकमेकांना चिकटून दाट झाले, तर वर बघा. बहुधा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी काठच्या लव्हाळ्यांवरून कमी उंचीवर उडत येत असतो.

तळ्याकाठी राहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. थव्याला उठवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला हिवाळ्यात अंगात चरबी साठवायची असते आणि प्रत्येक नाहक उड्डाणात ती जळते. चरणं थांबलं, माना उंच झाल्या, हळूहळू उलट दिशेला पोहणं सुरू झालं, की तुम्ही जास्त जवळ गेलात. तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. फोटोसाठी बोट थव्यात घालणं मला अजिबात मान्य नाही. कुत्रा साखळीला हवा. पाव टाकू नका, उरलेला कुजून पाणी बिघडवतो. मेलेला पाणपक्षी दिसला तर हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. बर्ड फ्लूची शक्यता असते, म्हणून पशुवैद्यकीय खात्याला कळवा. मासे धरणाऱ्यांशी मात्र जरूर बोला. पहाटे थवा कुठून येतो आणि रात्री कुठे टेकतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

मोजणी शिकून घ्या. आधी दहा पक्षी नीट मोजा, ते दहा थव्याचा केवढा तुकडा व्यापतात ते डोळ्यांत भरा, मग तसे किती तुकडे बसतात ते बघा. १९६७पासून आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना होते, आशियात १९८७पासून दर जानेवारीत. लहान तळ्याची नोंदही तिच्यात मोलाची असते. वहीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि न दिसलेले पक्षीही लिहा. मागच्या आठवड्यात तलवार होते, आज एकही नाही, हीसुद्धा नोंदच.

एखाद्याच्या पायात कडं किंवा मानेत पट्टा दिसला तर पक्षी उडायच्या आत लिहून घ्या: डावा पाय की उजवा, कड्यांचे रंग वरून खाली कोणत्या क्रमाने, पट्ट्यावरची अक्षरं आणि आकडे. अर्धवट वाचलेला आकडाही तसाच लिहा, अंदाजाने पुरा करू नका. फोटो मिळाला तर उत्तम. मग ही माहिती पक्ष्यांना कडी घालणाऱ्या संस्थेला पाठवा. तो पक्षी कुठे आणि कधी पकडला होता हे त्यांच्या नोंदीत असतं आणि ते सहसा कळवतात.