गॅस्ट्रो घ्यायचंय? आधी लिव्हरच्या वॉर्डात रात्र काढा

इंटर्नशिप संपत आली की आपल्या बेळगावच्या सीमाभागातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मुला-मुलींचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: "सर, मेडिसिन करून पुढं गॅस्ट्रो घेऊ का? कार्डिओपेक्षा बरं असतंय म्हणतात." गॅस्ट्रो म्हणजे पोट, आतडी आणि लिव्हर (यकृत) यांच्या आजारांचा विषय. मी उलट विचारतो, लिव्हरच्या पेशंटजवळ कधी रात्र काढलीस का? बहुतेकांनी काढलेली नसते. त्यांनी पाहिलेलं असतं ते एन्डोस्कोपीच्या, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून पोट बघायच्या खोलीतलं गॅस्ट्रो. अंधारी खोली, मोठा पडदा, दहा मिनिटांत निदान आणि पेशंट चालत घरी. ते खोटं नाही, त्यात मजाही आहे. पण या विषयाचं निम्मं ओझं यकृताच्या वॉर्डात असतं, आणि आपल्याला तो झेपेल का हेही तिथंच कळतं.

आधी रस्ता किती लांबचा ते बघा. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, नीट पीजी ही प्रवेशपरीक्षा देऊन एमडी जनरल मेडिसिनची तीन आणि नीट एसएस ही त्यापुढची प्रवेशपरीक्षा देऊन डीएम (एमडीच्या वरची पदवी) मेडिकल गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीची आणखी तीन. बेरीज साडेअकरा वर्षं, तीही कुठल्याच परीक्षेत वर्ष गेलं नाही तर. प्रत्यक्षात एखाद-दोन वर्षं तयारीत जातात, म्हणजे नावापुढे डीएम लागेपर्यंत तिशी ओलांडलेली असते. डीएमऐवजी नॅशनल बोर्डाची डीआरएनबी चालते, तिचा प्रवेशही नीट एसएसमधूनच. एम्स, पीजीआय चंदीगड, जिपमर यांच्यासाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा असते, ती वर्षातून दोनदा होते. सर्जिकल गॅस्ट्रो हा निराळाच रस्ता: एमएस जनरल सर्जरी आणि मग एमसीएच, म्हणजे सर्जनची डीएमच्या तोडीची पदवी. घरच्यांना हा फरक आधीच समजावून ठेवा, नाहीतर गावाकडं प्रत्येक अपेंडिक्स तुमच्याकडंच येणार.

नीट एसएसबद्दल एक गोष्ट नव्यांना उशिरा कळते. हा पेपर फक्त गॅस्ट्रोचा नसतो. २०२१ मध्ये परीक्षेचा साचा ऐनवेळी बदलायचं ठरलं, विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि बदल पुढच्या वर्षावर गेला. तेव्हापासून मेडिसिन गटातल्या सगळ्यांना पूर्ण जनरल मेडिसिनवरचा एकच पेपर असतो. त्यामुळं एमडीत असताना "मला गॅस्ट्रोच करायचंय" म्हणून न्यूरो आणि रुमॅटॉलॉजी सोडून देणारा तिथंच मागं पडतो. जागा बहुतेक देशभर खुल्या असतात (तमिळनाडूसारख्या राज्यात सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी काही राखीव असतात). 'तुम्ही कर्नाटकचे की महाराष्ट्राचे' या प्रश्नातून सीमाभागातल्या मुलाला निदान एकदा तरी सुटका मिळते. बॉन्ड, म्हणजे शिकून झाल्यावर सेवा द्या नाहीतर दंड भरा ही अट, मात्र राज्याराज्यात आणि कॉलेजाकॉलेजात बदलतो. किती वर्षांचा, किती रकमेचा, कुठं पोस्टिंग, हे कॉलेजांचे चॉइस भरायच्या आधी वाचा. जागा मिळाल्यावर वाचून उपयोग नसतो.

एमडीची तीन वर्षं पायाभरणीची. जेएनएमसी या खाजगी कॉलेजात असा नाहीतर सिव्हिल हॉस्पिटलला जोडलेल्या बिम्स या सरकारी कॉलेजात, बेळगावात येणारा पेशंट पुस्तकापेक्षा जास्त शिकवतो, कारण तो चहूबाजूंनी येतो. निपाणीकडचा तंबाखू कामगार, खानापूरच्या रानातला शेतकरी, वडगावचा विणकर, गोकाक-रायबागकडची ऊसतोड करणारी बाई. कन्नड बोलता आलंच पाहिजे, त्याला पर्याय नाही. पोटाची हिस्टरी दुभाष्यामार्फत घेता येत नाही. संडासचा रंग, वास, वेळ हे सुनेसमोर सासूला सांगायचं नसतं, आणि मुलासमोर बापाला दारूचं प्रमाण सांगायचं नसतं. नातेवाईक बाहेर काढून, दार लावून, पेशंटच्याच भाषेत विचारलं की निम्मं निदान टेबलावर येतं.

आता ओपीडी. "गॅस डोक्यात चढायलाय ओ डॉक्टर" हे दिवसभर ऐकायची तयारी ठेवा. यातल्या बऱ्याच लोकांच्या पोटात स्कोप (एन्डोस्कोपीची नळी) घालून काहीच सापडत नाही. काही सापडलं नाही हे सांगताना पेशंटला 'तुला काही झालेलं नाही' असं ऐकू येऊ देऊ नका, त्याचं पोट खरंच दुखत असतं. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्यानं गॅस्ट्रो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरीकडं, याच गर्दीत कंबरदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेणारी म्हातारी असते आणि तिची संडास डांबरासारखी काळी झालेली असते. आधी विचारा, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? त्यांनीही संडास काळी होते. नसतील तर अल्सर शोधा. मार्शल आणि वॉरेन यांनी पोटातला हेलिकोबॅक्टर जंतू १९८२ मध्ये वेगळा काढला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तरी आपल्याकडं अजून 'टेन्शनमुळं अल्सर झाला' हेच चालतं आणि पॅन्टोप्राझोल ही ॲसिड कमी करणारी गोळी चहाच्या आधी वर्षानुवर्षं गिळली जाते. ती गोळी बंद कधी करायची हे सांगणारा डॉक्टर क्वचित भेटतो. तुम्ही सांगा.

आतड्याचा क्षय की क्रोन्स (आतड्याला सूज आणि जखमा होणारा दीर्घ आजार), हा आपल्या देशातल्या गॅस्ट्रोवाल्याच्या पाचवीला पुजलेला पेच आहे. दोन्ही लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतात, दोन्हींत वजन घटतं, बायोप्सी पुष्कळदा काहीच ठाम सांगत नाही. अशा वेळी क्षयाची औषधं सुरू करून साधारण दोन महिन्यांनी पुन्हा स्कोप घालून जखमा भरल्या का ते पाहतात. पेशंटला दुसऱ्यांदा पोट साफ करायचं औषध प्यायला तयार करणं हे यातलं खरं कौशल्य.

स्कोप हाताळायला शिकणं जितकं वाटतं तितकं अवघड नाही आणि जितकं दिसतं तितकं सोपंही नाही. डाव्या हातात कंट्रोल, अंगठा चाकावर, उजव्या हातात नळी. गॅस्ट्रोस्कोपी (तोंडातून जठर बघणं) लवकर जमते. कोलोनोस्कोपीत (गुदद्वारातून मोठं आतडं बघताना) सिग्मॉइड या आतड्याच्या वळणदार भागात नळीचं वेटोळं पडतं आणि नवखा माणूस जोर लावत राहतो, पेशंट कळवळतो, नळी मात्र जागची हलत नाही. मागं खेचून, पिळून वेटोळं सोडवायचं असतं. शेवटापर्यंत पोचलात म्हणून घाई करू नका. पॉलिप (आतड्याच्या आतल्या गाठी) दिसतात ते बाहेर येताना, आणि त्या परतीला निदान ६ ते ८ मिनिटं द्यावीत असा दंडक आहे. आणखी एक: स्कोप धुणाऱ्या टेक्निशियनजवळ उभं राहून तो कसा धुतात ते शिका. डीएमच्या पहिल्या वर्षात हे कमीपणाचं वाटतं. पुढं स्वतःचं युनिट चालवताना जंतुसंसर्गाचं खापर तुमच्याच डोक्यावर फुटतं.

ईआरसीपीची, म्हणजे स्कोप आणि क्ष-किरणांच्या मदतीनं पित्तनलिकेत काम करायची, झिंग वेगळीच. पित्तनलिकेतला खडा बाहेर पडताना पडद्यावर दिसतो, काविळीनं पिवळा झालेला माणूस काही दिवसांत निवळतो. पण याच प्रोसिजरनंतर काहींना स्वादुपिंडाला सूज येते. सगळं नीट करूनही येते, आणि क्वचित जीवावर बेतते. ही शक्यता सही घेताना नातेवाइकांना शांतपणे, खुर्चीवर बसून सांगायची सवय पहिल्यापासून लावा. क्ष-किरणांखाली काम असल्यानं शिशाचा एप्रन, थायरॉइड गार्ड आणि डोसिमीटरचा (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा) बॅज वापरायचाच. बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून रीडिंग शून्य दाखवणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नका.

आता लिव्हरचा वॉर्ड. यकृत कडक झालं की आतड्याकडून येणारं रक्त पुढं सरकत नाही, दाब वाढतो, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात. पेशंट रक्ताची उलटी करत येतो, बहुधा रात्रीच. तालुक्याच्या दवाखान्यात असाल तर इथं फार करण्यासारखं आहे. दोन जाड सलाईन लाइन, शिरांतला दाब उतरवणारं टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड, अँटिबायोटिक, आणि मग १०८. रक्त भसाभसा देत सुटू नका. पचनमार्गाच्या वरच्या भागातल्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त देणाऱ्या गटात जास्त पेशंट वाचले, हे बार्सिलोनाच्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं. जास्त रक्त दिलं की त्याच शिरांतला दाब पुन्हा वाढतो. अर्थात रक्त धो धो वाहत असेल तर हा हिशेब लागू नाही. स्कोप १२ तासांच्या आत व्हावा, आणि फुगलेल्या शिरेवर रबरी बॅन्ड टाकला की बहुतेकदा रक्त थांबतं.

रक्त थांबलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस बायकोला ओळखत नाही, रात्रभर जागा आणि दिवसा झोपलेला. रक्तातला अमोनिया मेंदूवर चढलेला असतो. लॅक्ट्युलोज हे पोट साफ करणारं औषध देऊन दिवसाला दोन-तीन मऊ संडास व्हायलाच हव्यात, आणि नातेवाईक भांडतात, "आधीच अशक्त, वर जुलाब कशाला देताय?" यकृताच्या आजारानं पोटात साठलेलं पाणी ५ लिटरपेक्षा जास्त काढलं तर दर लिटरमागे ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) शिरेतून द्यावं लागतं, आणि त्याची बाटली काही हजारांची. ती कोण आणणार, यावर भावाभावांत कॉरिडॉरमध्ये चर्चा चाललेली असते. तुम्ही पोर्टल हायपरटेन्शन, म्हणजे यकृताकडच्या शिरांतला हा वाढलेला दाब, कितीही वाचलेलं असो, नोकरीचा हा भाग पुस्तकात नाही.

दारूबद्दल उपदेश करून काही होत नाही. कर्नाटकात २००७ साली अरॅक (स्वस्त देशी दारू) बंद झाली, त्या जागी कागदी पाकिटातली स्वस्त व्हिस्की आली. चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथं दारू आणखी स्वस्त, आणि आपल्याकडची कितीतरी पोरं तिकडं कामाला. पंचविशी-तिशीतला मुलगा पिवळे डोळे, फुगलेलं पोट घेऊन येतो तेव्हा स्टेरॉइड द्यायचं का याचा स्कोअर तुम्ही मांडताच, पण त्याला वाचवणारी टिकाऊ गोष्ट एकच, दारू कायमची सुटणं. मानसोपचारतज्ज्ञाशी दोस्ती ठेवा, गॅस्ट्रोवाल्याला त्याची गरज सर्जनइतकीच लागते. प्रत्यारोपणापर्यंत गोष्ट गेली तर घर विचारतं, पुणं की बेंगळुरू? आपण मध्येच कुठंतरी. कर्नाटकात मेंदूमृत दात्याच्या यादीचं काम 'जीवसार्थकते' ही सरकारी संस्था पाहते, महाराष्ट्राची व्यवस्था वेगळी. कुठं नाव नोंदवायचं हे पैशांवर, देणारा घरातला आहे का यावर, आणि पुण्यात मामा राहतो की बेंगळुरात जावई यावरही ठरतं.

काविळीच्या झाडपाल्याचा विषय निघणारच. चुन्याच्या पाण्यानं हात धुवून 'कावीळ उतरवणारे', माळ घालणारे, नाकात थेंब सोडणारे गावोगाव आहेत. तुम्ही त्यांच्यावर चिडलात तर पेशंट तुमच्याशी खोटं बोलायला लागतो, इतकंच होतं. हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांत आपोआप बरे होतात, म्हणून श्रेय माळेला जातं. खड्यामुळं किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरमुळं झालेली कावीळ मात्र वाट बघत नाही. "काय काय घेतलंय?" एवढंच प्रेमानं विचारा आणि पुडी दाखवायला सांगा. तसंच उंदीर मारायच्या पेस्टचं. घरात भांडण झाल्यावर ती खाऊन आलेला पेशंट पहिले दोन दिवस ठणठणीत दिसतो, घरचे डिस्चार्ज मागतात आणि यकृत त्यानंतर कोसळतं. असा पेशंट बरा दिसतो म्हणून घरी सोडू नका, लगेच मोठ्या ठिकाणी हलवा.

मुलींनी हमखास विचारावं पण क्वचित विचारतात असं एक: डीएमची वर्षं आणि लग्न-बाळंतपणाची वर्षं एकावर एक येतात, आणि गरोदरपणात ईआरसीपीच्या खोलीतल्या ड्यूटीचा प्रश्न येतो. विभागाशी आधी बोलून नियोजन होतं. उलट बाजूनं बघाल तर कोलोनोस्कोपी आणि गुदद्वाराच्या तक्रारींसाठी स्त्री डॉक्टर मिळावी म्हणून बायका महिनोन्महिने दुखणं अंगावर काढतात. आपल्या भागात अशा डॉक्टरची ओपीडी रिकामी राहणार नाही.

परत यायचं असेल तर कुठं बसायचं? नकाशा बघा. निपाणीचा पेशंट बेळगावपेक्षा कोल्हापूरला लवकर पोचतो, अथणीच्याला मिरज जवळ, खानापूरचे अनेक जण गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलला जातात. कार्डाचाही गोंधळ असतो. एकाकडं आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, दुसरा महाराष्ट्राच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं विचारतो, कारण सीमाभागातल्या ८६५ गावांना ती लागू करायचा निर्णय महाराष्ट्रानं २०२३ मध्ये जाहीर केला आणि त्यावरून दोन राज्यांत वाजलंही. कुठलं कार्ड कुठल्या हॉस्पिटलात चालतं हे तुमच्या काउंटरवरच्या माणसाला तोंडपाठ हवं.

छोट्या गावात स्वतःचा स्कोप घेऊन बसायचा मोह होतो. डायग्नॉस्टिक एन्डोस्कोपीपुरतं ते ठीक. पण रक्तस्राव, ईआरसीपी, मोठे पॉलिप करायचे तर रात्री उघडी असणारी रक्तपेढी, आयसीयू, भूलतज्ज्ञ आणि फोन उचलणारा सर्जन लागतो. आठवड्यातून एकदा चिकोडी किंवा गोकाकला व्हिजिट करणारे असतात. तिथं ओपीडी आणि साधी गॅस्ट्रोस्कोपी करावी, पॉलिप कापून संध्याकाळी बेळगावला निघून येऊ नये. एखाद्या हॉस्पिटलानं नोकरी देऊ केली तर पगाराच्या आधी विचारा: स्कोप किती आहेत, बिघडला तर दुसरा आहे का, रात्री टेक्निशियन येतो का, बॅन्ड आणि हिमोक्लिप (रक्त थांबवायच्या क्लिपा) स्टोअरमध्ये असतात की पेशंट आल्यावर मागवतात. उत्तर देताना समोरचा अडखळला तर सही करायच्या आधी एका रात्री स्वतः जाऊन एन्डोस्कोपीची खोली बघून या.