दुसरीतल्या मुलाला इथे मॉन्टेसरीत घालताना

आपल्याकडे मॉन्टेसरी म्हणजे बालवाडी. त्यामुळे आठ वर्षांच्या पोरीला न्यू जर्सीत मॉन्टेसरीत घालतोय म्हटल्यावर आजी फोनवर म्हणाल्या, "परत केजीत का रे बसवताय तिला?" आजींना सांगा, मारिया मॉन्टेसरी महायुद्धाच्या काळात कोडाईकनालला राहत होत्या आणि ६ ते १२ वयाच्या मुलांच्या अभ्यासक्रमाचं बरंच काम तिथेच झालं.

इथे ६ ते ९ वयाची मुलं एकाच वर्गात असतात, मग ९ ते १२. शाळांना मूल गटाच्या पहिल्या वर्षी आलेलं आवडतं. तिसऱ्या वर्षाचं, आधी मॉन्टेसरी न केलेलं मूल घ्यायला बऱ्याच जणी कां-कूं करतात. तेव्हा फॉर्म भरण्याआधी फोन करून विचारा.

मार्कांपेक्षा वजन व्हिजिटला. मूल एक-दोन दिवस वर्गात बसतं आणि बाई नुसत्या बघतात. आमची लेक पुण्याहून भागाकार पटापट करत आली होती. पहिल्या शाळेत ती हाताची घडी घालून बसून राहिली, कोणीतरी "वह्या काढा" म्हणेल म्हणून. शेल्फवर गणितासाठीच्या सोनेरी मण्यांच्या माळा होत्या, हात लावला नाही. तासाभराने उभी राहून, "टीचर, मे आय गो टू टॉयलेट?" बाकीची मुलं न विचारता जाऊन येत होती. प्रवेश मिळाला नाही.

पुढच्या व्हिजिटआधी महिनाभर आम्ही एकच क्लास लावला: शनिवारी सकाळी तीन तास टीव्ही-टॅब बंद, आणि "आता काय करू?" ला उत्तर द्यायचं नाही. वर्गातही साधारण एवढाच वेळ मुलं सलग आपापलं काम करतात. पहिल्या शनिवारी तिने घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या शनिवारी कपाटातली सगळी बटणं आकाराप्रमाणे लावून ठेवली.

शाळा सोडल्याचा दाखला इथे कोणी विचारत नाही. दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं लागतात, आणि वर्गशिक्षिकेचा शिफारस फॉर्म, तोही बाईंनी थेट पाठवलेला. निघण्याआधी बाईंचा ईमेल घ्या. मे महिन्यात तिकडे शाळेत कोणी सापडत नाही.

लसींचं कार्ड नीट बघा. नवव्या महिन्यातला गोवराचा डोस इथे धरत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचेच मोजतात. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी यादीत नाही, ती बहुधा राहिलेली असते.

मॉन्टेसरी नावाची पाटी अमेरिकेत कोणीही लावू शकतो, १९६७ पासून ते नाव सगळ्यांना मोकळं आहे. एएमआय (असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल) किंवा एएमएस (अमेरिकन मॉन्टेसरी सोसायटी) या संस्थांशी शाळेचा संबंध आहे का, आणि बाईंचं प्रशिक्षण मोठ्या मुलांसाठीचं आहे का, हे विचाराच. लहान गटाचं प्रशिक्षण वेगळं असतं.

आई-बाबांचीही मुलाखत होते. "मार्कच नाहीत तर कळणार कसं?" हा वाद नवरा-बायकोत घरीच मिटवून जा. आमचा पार्किंगमध्ये मिटला, पाच मिनिटं आधी.