अभिरूप खटल्याच्या स्पर्धेला उतरताय? मग ही तयारी कराच

अभिरूप खटला म्हणजे काल्पनिक प्रकरणावर मुलांनी खऱ्या कोर्टासारखा चालवलेला खटला. आयोजकांकडून खटल्याची फाईल आली की पहिल्या दिवशी नुसती वाचा. फिर्याद, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, जागेचा नकाशा, सगळं. आपल्या वाट्याचं तेवढंच वाचून भागत नाही, कारण बहुतेक स्पर्धांत एका फेरीला सरकार पक्ष तर दुसरीला बचाव पक्ष लढवावा लागतो. फाईलबाहेरची माहिती खटल्यात आणता येत नाही, हेही सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसू दे. मग वेळेनुसार घटनाक्रम मांडा आणि दोन जबाब जिथे जुळत नाहीत तिथे लाल खूण करा. खरा खटला त्या खुणांपाशीच लढला जातो.

कायद्याचं पुस्तक नवं घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम हा पुराव्याचा नवा कायदा लागू आहे, जुन्या गाईडमधले कलम क्रमांक आता चुकीचे ठरतील. सूचक प्रश्नांचं कलम १४६ नीट समजून घ्या. आपल्याच साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालणारा प्रश्न सरतपासणीत, म्हणजे आपल्या साक्षीदाराला आपणच प्रश्न विचारताना, विचारलात, तर समोरचे लगेच हरकत घेतील. उलटतपासणीत, म्हणजे समोरच्यांच्या साक्षीदाराला, मात्र तसाच प्रश्न चालतो.

उलटतपासणीला सगळ्यात जास्त वेळ द्या. समजा, कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरून सायकल चोरीला गेली आहे. ‘तुम्ही भेळेच्या गाडीपाशी उभे होता?’ ‘हो.’ ‘सायकल रस्त्याच्या पलीकडे होती?’ ‘हो.’ ‘मध्ये गर्दी होती?’ ‘होती.’ ‘पोलिसांना दिलेल्या जबाबात चोराच्या चेहऱ्याचं वर्णन नाही, बरोबर?’ ‘बरोबर.’ बस्स, इथे थांबायचं. ‘मग ओळखलंत कसं?’ हा प्रश्न ओठांवर येतोच, तो गिळा. साक्षीदार म्हणेल, ‘आमच्याच गल्लीतला आहे तो,’ आणि सगळी मेहनत पाण्यात जाईल. उरलेलं अंतिम युक्तिवादात तुम्ही स्वतः सांगा.

साक्षीदाराचं काम उरल्यासुरल्या मुलांना देतात, ते मला अजिबात पटत नाही. संघातली हजरजबाबी मुलगी किंवा मुलगा तिथेच हवा. जबाबातला तपशील तोंडपाठ असावा, पण पाढे म्हटल्यासारखा येऊ नये. प्रश्न पूर्ण ऐकायचा, तेवढ्याचंच उत्तर द्यायचं.

जमल्यास शिक्षकांसोबत, आधी विचारून, कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात एखादी साक्ष ऐकून या. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात आहे आणि त्याचं अप्रूप मलाही आहे, पण तिथे मुख्यतः अपिलं आणि याचिका चालतात. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून कसा बोलतो, हे खालच्या कोर्टातच दिसतं. मोबाईल बंद ठेवा आणि न्यायाधीश आले की उठून उभे राहा.

कपडे साधे, स्वच्छ. शाळेचा गणवेश उत्तम. फाईलच्या दोन प्रती, पानांना खुणेच्या चिठ्ठ्या आणि एक घड्याळ सोबत ठेवा. वेळ संपल्यावर बोलत राहिलात तर गुण जातात.

स्पर्धेच्या आधी पूर्ण खटला एकदा हरकतींसकट चालवा. न्यायाधीश म्हणून फाईल न वाचलेल्या एखाद्या मावशी-काकांना बसवा. शेवटी त्यांना काय कळलं ते विचारा आणि जे कळलं नाही तेवढा युक्तिवाद नव्याने लिहा.